पंचनाम्यातलं पाणी

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांचा मी जवळजवळ दोन वर्षं हेवा केला. मत्सर म्हणत नाही. मत्सरात माणूस काहीतरी करतो. मी नुसता बसून जळत होतो. निदान माझी समजूत तशी होती.

ते माझ्याहून सहा वर्षांनी लहान. गावाच्या खालच्या अंगाला नाल्याकाठी बौद्ध वस्ती आहे, तिथले ते पहिले पदवीधर. अमरावतीहून बी.एस्सी. होऊन परत आले आणि गावातल्याच हायस्कुलात लागले. मी तिथे आधीपासून मराठी शिकवत होतो. आमचं घर शेतकऱ्याचं, मोठ्या जमिनीचं, आणि त्या घरात पुस्तकं वाचणारा मी एकटा. शेतीतलं काही कळत नाही म्हणून घरात मला मान नव्हता. शाळेत होता तो घरामुळे. माझे वडील सरांच्या वडिलांना एकेरी हाक मारत. मी सरांना पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणालो, आणि माझ्या या औदार्याची कुणीतरी दखल घेईल म्हणून बरेच दिवस वाट पाहिली. कुणी घेतली नाही. सरांनी तर मुळीच नाही.

राज्य नवं होतं आणि कायदे त्याहून नवे. जिल्ह्याच्या गावाहून दर महिन्याला एखादं परिपत्रक यायचं, ते मुख्याध्यापक सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे आणि कपाटात ठेवायचे. पाणी घाण करणाऱ्यांविरुद्ध कायदा झाल्याची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मला गंमत वाटली. आमच्याकडे तोवर पाणी नसणं हा प्रश्न होता. पाणी आहे पण वाईट आहे, ही तक्रार पुण्यामुंबईकडच्या लोकांची वाटायची.

आणि तरी ती आमचीही होतीच. गावाच्या वर, नाल्याला लागून, सरकीच्या तेलाची एक गिरणी होती. सरकीचं तेल काळपट निघतं. ते उजळ करायला कॉस्टिक सोड्याने धुतात, आणि ते धुण्याचं पाणी एका नळीवाटे नाल्यात सुटायचं. पावसाळ्यात कुणाला कळत नसे. फाल्गुनात नाला बोटभर उरला की त्यावर राखी फेस दिसू लागायचा. वस्तीतली विहीर तोवर आटलेली असायची. मग तिथल्या बाया नाल्याच्या रेतीत हातभर खड्डा करायच्या आणि त्यात झिरपणारं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायच्या. अशा खड्ड्याला आमच्याकडे झिरा म्हणतात. झिऱ्याचं पाणी एरवी गार आणि नितळ असतं. गिरणी आल्यापासून ते बुळबुळीत लागायचं, त्याने बायांचे हात तडकायचे आणि लहान पोरं उन्हाळाभर पोट धरून बसायची.

यावर मी तीन अर्ज लिहिले होते. गावात अर्ज लिहायचा म्हणजे माझ्याकडे यायचं, अशी रीतच होती. पहिला अर्ज चार पानांचा, दुसरा सहा, तिसरा नऊ. तिसऱ्यात मी वेदकाळातल्या नद्यांपासून सुरुवात केली आणि सातव्या पानावर गिरणीपाशी पोचलो. तिन्हींना एकच उत्तर आलं, की अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी योग्य त्या कार्यालयाकडे पाठवण्यात आला आहे. ते उत्तर मी जपून ठेवलं, कारण त्यात माझं नाव शुद्ध लिहिलेलं होतं.

सरांनी एक पाकीट पाठवलं. आत एकच कागद. नळी कुठे आहे, झिरा कुठे आहे, मध्ये किती पावलं, रंग कसा, वास कसा. खाली लिटमसची एक तांबडी पट्टी, झिऱ्यात बुडवून निळी झालेली, टाचणीने लावलेली.

त्यांना पंधरा दिवसांत उत्तर आलं. नव्या कायद्याखाली नमुने घ्यायला खात्याकडे माणसं अपुरी होती, म्हणून त्यांनी सरांना स्थानिक मानद सहायक नेमलं. मागोमाग एक लाकडी पेटी आली. आत काचेच्या बुचाच्या बाटल्या, थर्मामीटर, लाख, सुतळी आणि पितळी सील. माझ्या नऊ पानांना जे जमलं नव्हतं ते बोटभर कागदाने केलं होतं. पेटी शिक्षकांच्या खोलीत ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती माझ्या कपाटावर ठेवली. रोज निबंधाच्या वह्या काढताना मला तिच्याखाली वाकावं लागे.

मुख्याध्यापकांनी सरांचा सत्कार ठेवला आणि सत्काराचं भाषण मला लिहायला सांगितलं. मी ‘ध्येयवादी’ हा शब्द दोनदा वापरला. ज्याच्याबद्दल चांगलं बोलायची मनापासून इच्छा नसते त्याला आम्ही ध्येयवादी म्हणतो. मुख्याध्यापकांनी भाषण वाचताना तो चारदा म्हटला. सरांनी नारळ घेतला, उत्तरादाखल दोन वाक्यं बोलले आणि तासाला निघून गेले.

घरी आलो तर बायको म्हणाली, “त्यायले सरकारनं पेटी पाठवली म्हंते.”

“हो.”

“तुमाले काय पाठवलं होतं?”

“उत्तर.”

“वाचलं मी थे उत्तर,” ती म्हणाली. “त्यात काईच नाही.”

चैत्रात नमुना घ्यायचं ठरलं. खात्याचे साहेब जीप घेऊन बुधवारी येणार असं पत्र आठवडाभर आधी आलं आणि त्याच दिवशी सगळ्या गावाला कळलं. साहेब शाळेत येणार नव्हते, तरी मुख्याध्यापकांनी शाळेच्या पुढच्या भिंतीला चुना काढला. ग्रामपंचायतीने गटारावर फळ्या टाकल्या. देशात कुठलीही पाहणी ठरली की पाहण्याजोगं जे असतं ते आपण आधी झाकून घेतो, आणि साहेबही तेच पाहून समाधानाने परत जातात. गिरणीच्या शेठजींनी मंगळवारी दुपारीच नळी बंद करून ठेवली. हेही सगळ्या गावाला कळलं. कायदा नवा असला तरी त्यातून निसटायची पद्धत जुनीच उपयोगी पडत होती.

म्हणून सगळी मदार झिऱ्यावर होती. नळी बंद केली तरी रेतीत मुरलेलं पाणी एका दिवसात बदलत नाही. झिऱ्याचा नमुना वाईट निघाला तर गिरणीला नोटीस लागणार होती. चांगला निघाला तर विषय संपणार होता.

सर माझ्याकडे आले. “सर, पंच म्हणून याल का? दोन पंच लागतात. एक कोतवाल आहे. तुमची सही तिकडे ओळखतात.”

“कशावरून?”

“तुमचे तीन अर्ज आहेत ना. फायलीत सगळ्यात खाली आहेत, पण आहेत.”

हे त्यांनी सरळ मनाने सांगितलं. त्यांचं हेच मला सहन होत नसे. टोमणा असता तर मला परत करता आला असता.

मग त्यांनी मला नमुन्याचे नियम सांगितले. बाटल्या नागपूरच्या प्रयोगशाळेतून निर्जंतुक होऊन आल्या आहेत. त्या धुवायच्या नाहीत, पुसायच्या नाहीत. पाणी गाळायचं नाही, निवळू द्यायचं नाही. बाटली पाण्यात उलटी बुडवून आत सुलटी करायची आणि बूच लावायचं. “पाणी जसं आहे तसं,” ते दोनदा म्हणाले. नववीतल्या पोराला समजवावं तसं त्यांनी मला समजवलं, आणि नववीतलं पोर ऐकतं तसं मी ऐकलं, म्हणजे सगळं कळूनही तोंड वाकडं करून.

बुधवारी साहेब आले. जीपमध्ये भुशात घातलेला बर्फ होता, कारण नमुने थंड ठेवून त्याच दिवशी शेगावहून रेल्वेने नागपूरला पाठवायचे होते. साहेब आधी गिरणीत गेले. नळीची पाहणी सरांसमक्ष व्हायला हवी म्हणून सरही गेले. नळी कोरडी होती. तसं लिहून घ्यायला पाच मिनिटं पुरली असती, पण शेठजींनी ऑफिसात चहा मांडला होता, गिरणीचा इतिहास सांगायचा होता आणि मग नकाशे दाखवायचे होते. मी आणि कोतवाल नाल्याच्या काठावर बाभळीखाली बसून राहिलो. ऊन चढलं. तासाभराने गिरणीतला एक हमाल बाटल्यांची पेटी आणि सरांची चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीत होतं: ‘बर्फ वितळतो आहे. साहेब इथून उठत नाहीत आणि मला एकट्याला निघता येत नाही. झिऱ्याचा नमुना तुम्ही भरून घ्या. जसं आहे तसं.’

आम्ही खाली उतरलो. झिऱ्यापाशी पाच-सहा बाया उभ्या होत्या, सगळ्या धुतलेल्या लुगड्यात. पुढे सरांची आई. रेती झाडून घेतलेली होती. झिऱ्याच्या बाजूला एक घासलेला तांब्याचा हंडा होता, वर चौपदरी फडकं बांधलेलं. पहाटे उठून ती अर्ध्या कोसावरच्या एका मळ्यातल्या विहिरीवर गेली होती आणि तिथलं गोड पाणी साहेबासाठी डोक्यावर घेऊन आली होती.

मी पेटी उघडली. बाटल्यांना भुसा चिकटला होता. तिने एक माझ्या हातातून घेतली आणि उन्हात धरून पाहिली.

“कुठून आणल्या हो गुरुजी ह्या?”

“नागपूरहून.”

“नागपूरच्या लोकायले बाटली घासता येत नाही काय?”

मागच्या बाया हसल्या. ती खाली बसली, राखेची चिमूट घेतली आणि बाटली आतून बाहेरून घासायला लागली. काडीला चिंधी गुंडाळून तिने बाटलीचा गळासुद्धा साफ केला. हंड्यातल्या पाण्याने तीनदा विसळली. मग फडक्यातून गाळत तेच पाणी बाटलीत भरलं.

कोतवाल माझ्या कानाशी आला. “गुरुजी, झिरा तं अठी हाये. हे चालते काय?”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. बाटल्या आणखी होत्या, झिरा तीन हातांवर होता आणि त्यावर फेसाची कड स्पष्ट दिसत होती. पण त्याच क्षणी बाटल्यांवर पितळी सील उमटवताना सर कसे दिसतील ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. शांत, कुशल, आणि माझी काहीच गरज नसलेले. मला वाटलं, होऊ दे. एकदा तरी यांच्या पत्राला माझ्यासारखं उत्तर येऊ दे.

“बाटली भरली ना?” मी कोतवालाला म्हणालो. “सही कर.”

सरांची आई दुसरी बाटली भरत होती. तिला आमचं बोलणं ऐकू गेलं असावं, कारण तिने मान वर न करता म्हटलं, “साहेब नेऊन थे पाणी पाह्यतीन. घाण निघालं तं कोणाचं नाव निघन? आमचंच न. आमचं पाणी घाण हाये असं सरकारनं लिहून देल्लं, तं मंग आमच्या हातचं कोण पेईन बापा?”

हे मला अगदी नीट समजलं. तिच्या आज्ज्यापणज्यांना जे आयुष्यभर ऐकावं लागलं ते सरकारी कागदावर येऊ नये म्हणून ती पहाटे उठली होती. मला ते समजलं आणि तरी मी गप्प बसलो. न समजता गप्प बसलो असतो तर आज हे लिहायचं कारण नव्हतं.

सर धावत आले, मागून साहेब रुमालाने मान पुसत. सरांनी लाख वितळवली, सुतळी बांधली, सील उमटवलं. मग मला विचारलं, “जसं आहे तसं ना, सर?”

“बाटल्या भरल्या तेव्हा आम्ही दोघं पंच हजर होतो,” मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. मी पंचनाम्यावर सही केली, वळणदार अक्षरात.

तीन आठवड्यांनी निकाल आला. नमुना पिण्यास योग्य. शेठजींनी त्या कागदाची प्रत चौकटीत बसवून गिरणीच्या ऑफिसात लावली, देवाच्या तसबिरीशेजारी. नळी आता भर दिवसा सुटायला लागली, कारण तिच्याबद्दल सरकारलाच काही म्हणायचं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत भूगोलाचे सर म्हणाले, “काय सर, आता वस्तीचं पाणी बाटलीत भरून शेगावच्या जत्रेत विका. सरकारी शिक्का हाये त्याच्यावर.” सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा, म्हणजे मी हसतो आहे हे सरांना दिसावं, पण फार वाईट वाटू नये, अशा बेताने. सरांनी माझ्या कपाटावरची पेटी उतरवली आणि कोपऱ्यात जमिनीवर ठेवली.

मला आठ दिवस फार बरं वाटलं.

नवव्या दिवशी पुन्हा तेच. हरलेल्या माणसाचा हेवा संपायला हवा, पण माझा संपेना. सर रोज शाळा सुटल्यावर झिऱ्यावर जात, पट्टी बुडवत, वहीत तारीख आणि रंग लिहीत. निकाल विरुद्ध गेला म्हणून वस्तीत त्यांना कुणी शब्दाने बोललं नाही. संध्याकाळी चार लोक त्यांच्या दारात बसलेले दिसत. मी जिंकलो होतो आणि माझ्या दारात कुणी बसलेलं नव्हतं.

वैशाखात एका सकाळी सरांची आई आमच्या ओसरीच्या पायरीशी येऊन बसली. वर या म्हटलं तर आली नाही. पायरीवरूनच म्हणाली, “गुरुजी, एक अर्ज लिहून द्या.”

“कशाचा?”

“साहेबानं झिऱ्यावरचा फेस डोयानं पाह्यला. तरी बाटलीवरूनच लिहून देल्लं. त्याच्या कागदात चांगलं पाणी हाये आणि आमच्या झिऱ्यात खराब. लेकीची पोरगी चार दिवसांपासून पडून हाये. काई पोटात ठरत नाही तिच्या. डॉक्टर म्हंते पाणी बदला. कुठून बदलू?”

“सरांना का नाही सांगत लिहायला?”

“तो म्हंते, माय, तू याच्यात पडू नको. कोणाले काई सांगू नको. काऊन म्हंते असं, मले समजत नाही. तुमी तं तठीच होते. तुमचंच आयकतीन.”

मी कागद घेतला, टाक बुडवला आणि ‘महोदय’ एवढं लिहिलं. पुढे काही येईना.

“तुम्ही बाटलीत हंड्यातलं पाणी भरलं होतं,” मी म्हणालो.

“हाव. मंग? साहेबाले का नाल्यातलं देऊ?”

“त्यांना नाल्यातलंच हवं होतं. तेच तपासायचं होतं.”

तिचे हात गुडघ्यांवर होते, बोटांच्या पेरांवर सोड्याने पडलेल्या भेगा.

“तुमाले माईत होतं?”

“होतं.”

“मंग बोलले काऊन नाही?”

याचं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते त्या पायरीवर सांगण्यासारखं नव्हतं. ती उठली. शिवी दिली असती तर चाललं असतं. “माह्यामुळंच झालं म्हना न मंग,” एवढंच म्हणून ती गेली. आम्हा दोघांच्या वाट्याचा सगळा दोष तिने स्वतःच्या पदरात घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी सरांना गाठलं आणि सांगितलं. ते फळा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत राहिले.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “आईनं त्याच संध्याकाळी सांगितलं. आनंदात सांगितलं, की कशा लखलखीत घासल्या बाटल्या.”

“मग तुम्ही कळवलं का नाही?”

“काय कळवू? सरकारी नमुन्यात आईनं दुसरं पाणी भरलं असं? त्या कायद्याखाली या तालुक्यातली पहिली केस तिच्यावर झाली असती. गिरणीवर नाही, तिच्यावर. आणि दुसरी तुमच्यावर.”

“माझी काळजी होती तुम्हाला?”

“तुम्ही तिथे का गप्प बसलात ते मला कळलं नाही,” ते म्हणाले. “वाटलं, तुम्ही आईची लाज राखली. सगळ्यांदेखत तिला टोकलं नाहीत.”

त्यांनी माझ्या वागण्याला जे कारण दिलं होतं ते माझ्याहून कितीतरी चांगल्या माणसाचं होतं. मी त्या माणसाचाही हेवा केला. खरं कारण मी त्यांना सांगितलं. पेटी, सत्कार, नऊ पानं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फडकं खिडकीत झटकलं.

“अर्ज चांगले होते तुमचे,” ते म्हणाले. “लांब होते फक्त.”

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं. पंच म्हणून हजर असताना, नियम ठाऊक असूनही, मी बाटल्या राखेने घासू दिल्या, झिऱ्याचं सोडून दुसरीकडचं पाणी त्यात भरू दिलं आणि तरी पंचनाम्यावर सही केली. हा दोष माझा आहे, आणि कोतवालाने माझ्या सांगण्यावरून सही केली आहे. वस्तीतल्या कुणाचा उल्लेख केला नाही. मुख्याध्यापकांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. “अहो, सेवापुस्तकात येईल हे. कायद्याचं इतकं मनावर घेऊ नये माणसानं. कायदा नवा आहे, तुमची नोकरी जुनी.” मी पत्र टपालात टाकलं. नोकरी जाईल अशी भीती वाटत होती, आणि तिच्यातही एक चमत्कारिक आशा होती, की निदान या पत्राचं उत्तर येईल.

आलं. दहा दिवसांत. मला ताकीद, सेवापुस्तकात नोंद आणि यापुढे पंच म्हणून माझा विचार न करण्याची सूचना. पहिला नमुना रद्द. त्यानंतर आठवड्याभरात, कुणालाही न कळवता, सकाळी दहाला जीप नाल्यात उतरली. गिरणी सुरू होती. नळीतून गरम, काळसर पाणी पडत होतं आणि त्याचा वास काठापर्यंत येत होता. सरांनी दोन्ही ठिकाणचे नमुने स्वतः भरले. मला तिथे जायचा काही अधिकार नव्हता, म्हणून मी वर रस्त्यावर सायकल धरून उभा राहिलो. सरांची आई झिऱ्यापाशी रेतीत बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. राखी पाणी बाटलीत चढताना तिने मान फिरवली. बाटल्या जीपकडे नेत होते तेव्हा ती उठून पुढे झाली आणि आपला पदर त्यांच्यावर धरून चालली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून. साहेबांना वाटलं, उन्हापासून. ते म्हणाले, “आजीबाई, बर्फ आहे आमच्याकडे.”

निकाल आला: पिण्यास अयोग्य. गिरणीला हुकूम झाला, की धुण्याचं पाणी मुरवायला दोन हौद बांधावेत. शेठजींनी मुदत मागून घेतली, मग ती वाढवून घेतली, आणि पुढच्या वर्षी एक हौद बांधला. चौकटीतला कागद मात्र त्यांनी काढला नाही. पाहुण्यांना तो दाखवत, तारीख कोण वाचतो.

पण त्या हुकुमात शेवटी एक कलम होतं, आणि ते लिहिणाऱ्याने गाव पाहिलेलं नसावं. हौद पूर्ण होईपर्यंत बाधित वस्तीला जवळच्या सार्वजनिक जागेवरून पाणी देण्याची व्यवस्था तहसीलदारांनी करावी. जवळची सार्वजनिक जागा म्हणजे चावडीसमोरची मोठी विहीर. तिच्यावर कुणालाही पाणी भरता येईल असा कायदा राज्य व्हायच्याही आधीपासून होता. वस्तीतलं कुणी तिथे भरत नव्हतं, आणि का भरत नाही हे आमच्या आळीत कुणी विचारत नव्हतं. मीही माझ्या नऊ पानांत विचारलं नव्हतं. आता तेल धुण्याच्या कायद्याने ते विचारलं.

आमच्या घरात दोन दिवस नीट कुणी जेवलं नाही. चुलतभाऊ म्हणाला, “त्या मास्तरनं केलं बे हे सारं. लय डोकं हाये त्याले.”

“माझ्या पत्रामुळे दुसरा नमुना झाला,” मी म्हणालो.

“राहू दे. तुह्यानं काई होत नसते.”

त्याही वेळी, त्या शिव्याशापांच्या बैठकीत, माझ्या वाट्याची शिवी सरांना मिळते आहे याचं मला वाईट वाटलं. सरांसाठी नव्हे. शिवी माझी होती म्हणून.

ठरल्या दिवशी नायब तहसीलदार दोन शिपाई घेऊन विहिरीवर आले. वस्तीतल्या दहाबारा बाया हंडे घेऊन रस्त्याच्या वळणापर्यंत आल्या आणि थांबल्या, कारण विहिरीच्या कठड्याभोवती आमच्या आळीचे वीसपंचवीस लोक उभे होते. कुणाच्या हातात दोर-बादली नव्हती. नुसते उभे होते. मीही गेलो होतो. सरांच्या बाजूला उभं राहायचं असं घरून ठरवून निघालो होतो, पण गर्दीतून वाट काढता काढता कठड्यापाशीच, सगळ्यांच्या पुढे येऊन थांबलो. डावीकडे चुलतभाऊ, मागे काका.

नायब तहसीलदारांनी सरांशी हात मिळवला. मग सरांच्या आईला पुढे बोलावलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हंडा कमरेवर. तिच्याकडे दोरखंड होता पण टाकायला जागा नव्हती.

नायब तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या टोपीकडे, माझ्या दोन्ही बाजूंच्या माणसांकडे. “बाजूला व्हा हो तुम्ही,” ते म्हणाले. “पाणी भरू द्या.”

मी त्यातला नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. सरांनीही उघडलं, ते मला ओळखत होते आणि बहुधा काही चांगलंच बोलले असते. मला ते ऐकायचं फार होतं. पण म्हातारी हंडा घेऊन ताटकळत होती.

मी कठड्याच्या कडेकडेने दोन पावलं मागे सरलो. मी सगळ्यांच्या पुढे होतो, त्यामुळे माझ्या मागच्यांनाही सरावं लागलं.